नावाविना सेवा : मिरज, सांगली आणि साताऱ्याची ख्रिस्ती परंपरा

ख्रिस्ती धर्मात सत्कर्माला एक अट घातलेली आहे. ते करायचे, पण त्याची दवंडी पिटायची नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने दान, प्रार्थना आणि उपास या तीन गोष्टी ओळीने घेतल्या आहेत आणि तिन्हींना एकच कसोटी लावली आहे. लोकांनी पाहावे म्हणून केले असेल, तर लोकांनी पाहिले तेवढ्यातच त्याचा मोबदला चुकता झाला. देवाकडे मागण्यासारखे काही उरले नाही. उजवा हात काय देतो याचा पत्ता डाव्या हातालाही लागू नये, हे तिथलेच सांगणे. म्हणजे काम लपवायचे ते शेजाऱ्यापासून आणि त्याहून अधिक स्वतःपासून. आपण केलेल्या चांगल्या कामाची मनातल्या मनात उजळणी करत बसणेही या शिकवणीत बसत नाही.

याच प्रवचनात, एक अध्याय आधी, तुमची चांगली कामे लोकांना दिसू द्या असेही सांगितले आहे. दोन्ही वचने शेजारी ठेवली की विसंगती वाटते. तिचे उत्तर हेतूत सापडते. पाचव्या अध्यायातले काम दिसावे ते पाहणाऱ्याच्या तोंडून देवाची स्तुती निघावी म्हणून; सहाव्या अध्यायात नाकारले आहे ते करणाऱ्याची वाहवा व्हावी म्हणून केलेले काम. कृती तीच असू शकते. ती कोणाकडे बोट दाखवते, यावर सगळे ठरते.

लूकच्या सतराव्या अध्यायात हा विचार अधिक कठोर होतो. दिवसभर शेतात राबून आलेला दास घरी येऊन धन्याला जेवू घालतो आणि तरी आपण नेमून दिलेले काम तेवढे केले, असेच म्हणतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग तर फार विलक्षण आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र देणाऱ्यांना, आजाऱ्याची विचारपूस करणाऱ्यांना न्यायासनावरचा राजा शाबासकी देतो, तेव्हा ते गोंधळून विचारतात की हे आम्ही केव्हा केले? त्यांना आठवतच नाही. सत्कर्म करणाऱ्याच्या लेखी ते इतके साधे होते की त्याची नोंद त्याच्याकडे राहिली नाही. ख्रिस्ती नम्रतेचे याहून नेमके चित्र त्या ग्रंथात क्वचितच असेल.

यामागे प्रॉटेस्टंट परंपरेचा आणखी एक सिद्धान्त उभा आहे. तारण कृपेने मिळते, कामाने कमावता येत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने हे सांगून लगेच पुढे म्हटले आहे की माणूस घडवला गेला तो चांगली कामे करण्यासाठीच. पुण्याचा साठा करायचा नसेल तर चांगले काम करायचे कशासाठी, हा प्रश्न इथे सुटतो. काम हे मिळालेल्या कृपेला दिलेले उत्तर आहे. हिशेब आधीच मिटलेला असल्यामुळे हात मोकळे असतात. नम्रता आणि जगण्याचे प्रयोजन या दोन गोष्टी ख्रिस्ती विचारात अशा एकाच खुंटीला बांधलेल्या आहेत.

कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत, सातारा आणि सांगलीत, हा विचार दीड शतकाहून अधिक काळ रुग्णालयांत, शाळांत, कुष्ठरोग्यांच्या वसतीत आणि खेड्यांच्या वाटांवर जगला गेला. त्यातली काही नावे मोठी झाली, रस्त्यांना आणि वस्त्यांना लागली. बहुतेक नावे कुठेच लागली नाहीत.

अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत पाय ठेवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचे काम घाटावर साताऱ्यापर्यंत पोहोचले आणि पुढे वाईलाही ठाणे झाले. दक्षिणेकडे रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात काम सुरू केले. ते काम १८७० मध्ये अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. त्याच मंडळाचे ठाणे १८८४ मध्ये सांगलीत आणि १८९२ मध्ये मिरजेत झाले. साताऱ्याचे काँग्रिगेशनल आणि सांगलीचे प्रेस्बिटेरियन, असे हे दोन प्रवाह. दोन्हींचे वारस पुढे एका छत्राखाली आले आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग झाले.

सांगलीत मुलांसाठी औद्योगिक आणि शेतकी शाळा होती. जॉन गोहीन हे तिचे प्राचार्य होते. अशा शाळांतून मिळणाऱ्या सुतारकामाच्या आणि सुधारित शेतीच्या धड्यांचे मोल शहरी वाचकाला चटकन जाणवत नाही. ज्या मुलाच्या घराण्याला गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक कामाशी जखडून ठेवले होते, त्याच्या हातात रंधा आणि पटाशी येणे ही त्या काळी मोठी उलथापालथ होती.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडात झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८९ मध्ये ते भारतात आले आणि आधी सांगलीत दवाखाना चालवू लागले. तीन वर्षांनी मुक्काम मिरजेला हलला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली आणि १८९४ मध्ये रुग्णालय उभे राहिले. मिरज रेल्वेचे जंक्शन असल्याने पुण्याकडून, कोल्हापुराहून, बेळगाव-धारवाडकडून रोगी गाडीने थेट येऊ शकत. शस्त्रक्रियेसाठी, विशेषतः मोतीबिंदूसाठी, मिरजेचे नाव दूरवर गेले. १८९७ मध्ये मिशनची वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि तिथे शिकलेले तरुण भारतभरच्या मिशन दवाखान्यांत कामाला गेले. १९०० मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रम, १९२० मध्ये क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम असा व्याप वाढत गेला. १९२८ मध्ये वानलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला, त्याच वर्षी त्यांनी मिरज सोडले, आणि १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वस्तीचे नाव आजही वानलेसवाडी आहे. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याची पायाभरणी या रुग्णालयाने आधीच करून ठेवली होती. मिरजेला आज वैद्यकीय नगरी म्हणतात. या ओळखीचे मूळ त्या एका दवाखान्यात आहे.

हा सारा गौरव योग्यच आहे. वानलेस यांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि त्यांच्यानंतर रुग्णालय सांभाळणाऱ्या डॉ. चार्ल्स वेल यांच्याविषयीही नाही. मात्र सर्जनचे काम टेबलावर तासाभरात संपते. त्यानंतर रोगी बरा होतो तो दुसऱ्यांच्या हातात.

मोतीबिंदूचेच उदाहरण घेण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डोळ्याच्या जखमेला बारीक टाके घालण्याची रीत रुळलेली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला दोन्ही डोळे बांधून अनेक दिवस उताणे निजवून ठेवत. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. खोकला आला, शिंक आली, रात्री भानावर नसताना कूस वळली, तर जखम उघडून डोळा कायमचा जाण्याची भीती असे. अशा रोग्याला चमच्याने पेज भरवायची, तोंड पुसायचे, भांडे द्यायचे आणि काढायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंग पुसून पावडर लावायची, रात्री पट्टीकडे जाणारा त्याचा हात धरून ठेवायचा. हे काम नर्स, आया आणि वॉर्डबॉय करत. रोग्याच्या डोळ्यांवर पट्टी असे. आपल्याला कोणी भरवले, कोणी हात धरला, हे त्याने पाहिलेले नसे. पट्टी सुटायची तेव्हा त्याच्यासमोर डॉक्टर उभे असत.

त्या काळच्या मिशन रुग्णालयांत ही कामे करणारे बरेच लोक नव्या ख्रिस्ती कुटुंबांतले होते, आणि पश्चिम महाराष्ट्रातली ती कुटुंबे मोठ्या प्रमाणावर महार आणि मांग वस्त्यांतून आलेली होती. परक्याच्या अंगाला हात लावणे, विष्ठा आणि रक्त साफ करणे हे काम सवर्ण घरांतल्या बायका करायला धजत नव्हत्या. त्यामुळे महाराष्ट्रात परिचारिकेच्या व्यवसायाची सुरुवातीची पिढी मुख्यतः ख्रिस्ती मुलींची राहिली. रुग्णांत ब्राह्मण, मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान सगळे असत. विटाळाच्या भीतीने बरेच रोगी आपले नातेवाईक सोबत आणत आणि ते बाहेर वेगळी चूल मांडत. तरीही ताप तपासायला, पट्टी बदलायला हात लागायचाच. गावात ज्यांची सावली चालत नव्हती त्यांच्या मुलींनी वॉर्डात त्याच गावच्या वतनदाराची जखम धुतली. हे घडले तेव्हा कोणी भाषण केले नाही. अस्पृश्यतेच्या इतिहासात या स्पर्शाची नोंद फार थोड्या ठिकाणी आहे, आणि ती व्हायला हवी.

कुष्ठरोग्यांच्या आश्रमातले काम याहून अवघड आणि कमी कौतुकाचे होते. मिरजेची ही संस्था पुढे रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखली गेली. सुरुवातीच्या काळात नेमके औषध नव्हते. चालमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शने देत, ती दुखत आणि गुणही जेमतेम येई. डॅप्सोन १९४० च्या दशकात आले, आणि अनेक औषधांचा एकत्रित उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये पुढे आणला. डॅप्सोनच्या आधीची चाळीस-पन्नास वर्षे सेवा म्हणजे बहुतांशी जखम धुणे.

या जखमेची गोष्ट समजून घेतली की सेवेचे स्वरूप कळते. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडत नाहीत. मज्जातंतू निकामी झाल्याने हातापायांना दुखणे समजत नाही. पायात काटा रुतला, चुलीवरच्या भांड्याने हात पोळला, तरी माणूस तसाच काम करत राहतो आणि जखम चिघळत हाडापर्यंत जाते. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हे ठामपणे दाखवून दिले. म्हणून उपचाराचा गाभा अगदी साधा आहे. रोज पाय पाण्यात भिजत ठेवायचे, घट्टे झालेली कातडी खरवडून काढायची, ओल्या कातडीवर तेल चोळायचे, तळपाय उजेडात धरून नवी जखम आहे का ते पाहायचे, मऊ रबराची चप्पल घालायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्याला स्वतःचे पाय कळत नाहीत त्याच्या वतीने कोणीतरी ते पाय पाहत राहायचे, असे हे काम आहे. त्यात ‘बरा झाला’ असे म्हणण्याचा सोहळ्याचा दिवस येत नाही. यश आले तर काहीच घडत नाही. पाय आहे तसा राहतो.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, हा प्रसंग योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे. अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी त्याची आठवण केली जाते, काही ठिकाणी पाळक सभासदांचे पाय प्रत्यक्ष धुतात. कुष्ठरोग रुग्णालयातल्या ड्रेसरने तो विधी सणावाराविना, सकाळच्या पाळीत, ड्रेसिंगच्या खोलीत रोज केलेला असतो. विधीपेक्षा ही नित्याची सेवा मूळ प्रसंगाच्या अधिक जवळ जाते असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये परिस्थिती थोडी वेगळी. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. तोवर क्षयावर कोरडी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच आधार होता. रोगी महिनोन्‌महिने राही, कधी वर्षाहून अधिक. थुंकीची भांडी गोळा करून त्यातला बेडका जाळायचा, भांडी उकळायची, चादरी उकळायच्या, हे ज्यांच्याकडे होते त्यांना संसर्गाचा धोका सर्वांत जास्त होता.

रुग्णालयाबाहेर या परंपरेचा भार बायबलबाईंनी वाहिला. मिशनच्या तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या या मराठी स्त्रिया, पुष्कळदा विधवा किंवा पाळकाच्या, मास्तरांच्या पत्नी. परक्या पुरुषाला आणि गोऱ्या मडमेलाही जिथे सहज प्रवेश नव्हता त्या माजघरात त्या जात. शुभवर्तमान सांगत, आणि त्याबरोबर अक्षरओळख करून देत, बाळंतिणीची काळजी कशी घ्यावी ते सांगत, खरूज-नायट्याला मलम देत, लेकीला शाळेत घाला म्हणून सासूला विनवत. मिशनच्या इंग्रजी अहवालांत अशा स्त्रियांचा उल्लेख पुष्कळदा केवळ पहिल्या नावाने किंवा संख्येने येतो. त्या पायी किती फिरल्या, किती घरांतून हाकलल्या गेल्या, याची वही कोणी ठेवली नाही.

साताऱ्याच्या बाजूला या विचाराचे सर्वांत धीट रूप रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्याच्या अखेरीस दिसते. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची दोन दशके अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. कवी म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रभर होते. मराठी मंडळ्यांत गायल्या जाणाऱ्या गीतांत त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची बांधिलकी आणि पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही या दरबारात जागा होती. येशूचा शिष्य म्हणून जगण्याची तयारी एवढीच अट. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबार फार काळ टिकला नाही.

टिळकांचा हा मार्ग परदेशी नव्हता. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. आणि साताऱ्यापासून रामदासांचा सज्जनगड हाकेच्या अंतरावर आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकात रामदासांनी नवविधा भक्ती सांगताना दास्यभक्तीत देवद्वारीची हलकीसलकी, पडेल ती कामे मोजली आहेत. मोठेपणा बाजूला ठेवून झाडलोट करण्यात भक्ती आहे ही कल्पना या मातीत आधीपासून होती. ख्रिस्ती शिकवणीने तिला मंदिराबाहेर, आजारी आणि टाकलेल्या माणसापर्यंत नेले. दोन्ही परंपरांचा असा मिलाफ झाला म्हणूनच टिळकांचे शब्द ख्रिस्ती नसलेल्यांनाही आपले वाटले.

टिळकांच्या उदारपणाची एक बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात उघडी करून दाखवली आहे. टिळक हातात आलेले दुसऱ्याला देऊन टाकत. दारी आलेला रिकामा जात नसे. त्यांची ही कीर्ती खरी होती. पण घरात डबे रिकामे असताना आलेल्या पाहुण्याला जेवू घालण्याची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर पडे. टाकून दिलेली, पोरकी मुले घरी आणली जात तेव्हा त्यांच्या उवा काढणे, त्यांना न्हाऊ घालणे, त्यांची आजारपणे काढणे कोणाकडे होते हे वेगळे सांगायला नको. एकाच्या दिसणाऱ्या दानामागे दुसरीचे न दिसणारे दान असते, आणि दुसरे पुष्कळदा अधिक महाग पडलेले असते. लक्ष्मीबाई लिहित्या झाल्या म्हणून हे कळले. इतर घरांतल्या लक्ष्मीबाईंनी लिहिले नाही. (याच साताऱ्यात, ख्रिस्ती वर्तुळाबाहेर, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्र गहाण टाकले, ही आठवण रयत शिक्षण संस्थेत आजही सांगितली जाते. ती सांगितली जाते, हे चांगले आहे.)

वाईलाही मिशनचे रुग्णालय होते. डॉ. लेस्टर बील्स आणि डॉ. रोझ बील्स या दांपत्याने तिथे वर्षानुवर्षे सेवा केली. कृष्णेच्या घाटांसाठी आणि संस्कृत विद्येसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाने परधर्मीय डॉक्टरांना स्वीकारले, यात त्या डॉक्टरांइतकाच वाईकरांचाही मोठेपणा आहे.

या परंपरेवरचे आक्षेप टाळून तिचे वर्णन पुरे होत नाही. पहिला आक्षेप आतलाच आहे. मिशनचा पैसा अमेरिकेतल्या साध्या देणगीदारांकडून येई. तो येत राहावा म्हणून दरवर्षी अहवाल लागत, छायाचित्रे लागत, बऱ्या झालेल्या रोग्यांच्या कथा लागत. गुप्तपणे करायच्या कामाची जाहिरात केल्याशिवाय ते काम चालतच नव्हते. ही अडचण आजही प्रत्येक सेवाभावी संस्थेसमोर आहे. तिच्यावर पूर्ण तोडगा नाही. रोग्याची प्रतिष्ठा सांभाळून, त्याच्या संमतीने, जेवढे सांगणे हिशेब देण्यासाठी आवश्यक तेवढेच सांगावे, एवढा विवेक मात्र ठेवता येतो. अन्नाचे पाकीट हातात घेतलेल्या माणसाचा चेहरा छापणे या विवेकात बसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. सेवा ही धर्मांतराचे आमिष होती का? १९३० च्या दशकात गांधीजींनी ‘हरिजन’मधून हा प्रश्न मिशनऱ्यांना वारंवार विचारला. सेवा करा, पण तिच्या आड धर्मांतराचा हेतू ठेवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. नेमक्या त्याच सुमारास, १९३२ मध्ये, अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनांच्या परदेशांतल्या कामाचा आढावा घेणाऱ्या समितीने, जिचे अध्यक्ष तत्त्वज्ञ विल्यम अर्नेस्ट हॉकिंग होते, जवळपास हीच भूमिका घेतली. रुग्णालय आणि शाळा यांना स्वतःचे मोल आहे. त्यांना प्रचाराचे साधन करू नये, असे त्या अहवालाने सांगितले आणि मिशनच्या जगात मोठे वादळ उठले. मिरजेच्या वॉर्डांत प्रार्थना होत, शुभवर्तमान वाचले जाई, हे कोणी लपवले नाही. तिथे उपचार घेतलेल्यांपैकी बहुसंख्य लोक आपापल्या धर्मात राहूनच घरी गेले, हेही तितकेच खरे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाची कसोटी इथेही लागू पडते. मोबदल्यात धर्मांतराची अपेक्षा ठेवली तर तोही मोबदलाच. मग ते दान राहत नाही, सौदा होतो. ही कसोटी ख्रिस्ती ग्रंथातलीच असल्यामुळे तिच्यापुढे उभे राहणे ख्रिस्ती माणसाने टाळू नये.

तिसरा आक्षेप फारसा कोणी घेतला नाही, पण तो घेण्याजोगा आहे. नम्रतेची शिकवण वरून खाली दिली की तिचे हत्यार होते. आयाला, सफाई कामगाराला, ड्रेसरला सेवा हेच तुमचे वेतन असे सांगून पगार कमी ठेवणे, पाळी लांबवणे, पदोन्नती नाकारणे हे सेवाभावी संस्थांत सगळीकडेच घडत आले आहे, धर्म कोणताही असो. शुभवर्तमानात नावाचा मोह सोडायला सांगितले आहे ते करणाऱ्याला. त्याच्या मालकाला मजुराची मजुरी अडवू नये असे याकोबाच्या पत्रात स्पष्ट बजावले आहे. स्वतःहून पत्करलेले अनामिकपण हा सद्‌गुण आहे. दुसऱ्यावर लादलेले अनामिकपण हा अन्याय आहे. मिशन कंपाउंडांच्या इतिहासात दोन्ही सापडतात आणि दोन्ही वेगवेगळी ओळखली पाहिजेत.

परदेशी मिशनरी गेले, बाहेरचा पैसा आटला, सरकारी आणि खासगी रुग्णालये वाढली. जुन्या मिशन संस्थांचे वैभव ओसरले. कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आल्याचे भारताने २००५ च्या अखेरच्या आकडेवारीवरून जाहीर केले. नवे रोगी मात्र आजही सापडतात आणि जुन्यांच्या बधिर पायांना रोजचे पाणी-तेल आजही लागते. मंडळ्यांमधली सेवा आता लहान आकाराची झाली आहे. रविवारी उपासनेआधी मंदिर झाडणे, अंथरुणाला खिळलेल्या सभासदाकडे प्रभुभोजन घेऊन जाणे, नाताळच्या आधी वस्तीत कोणाच्या घरी अडचण आहे हे गुपचूप पाहून धान्य पोहोचवणे, वारस नसलेल्याच्या मातीला उभे राहणे. ही कामे बहुतेक ठिकाणी महिला मंडळातल्या चार-पाच जणी करतात. त्या जणी कोण, हे मंडळीतल्या सर्वांना माहीत असते आणि वार्षिक अहवालात त्यांचे नाव नसते. त्यांना त्याचे काही वाटतही नाही, आणि शिकवणीप्रमाणे वाटूही नये.

वाटायला हवे ते इतरांना. यासाठीही शुभवर्तमानातच आधार आहे. मार्कच्या चौदाव्या अध्यायात एक स्त्री येशूच्या मस्तकावर मौल्यवान सुगंधी तेल ओतते. जमलेले लोक तिच्यावर चिडतात. येशू म्हणतो की जगात जिथे जिथे शुभवर्तमान सांगितले जाईल तिथे तिथे हिने केलेले कामही सांगितले जाईल. मार्कने तिचे नाव दिलेले नाही. तिने स्वतः काहीच सांगितले नाही, सांगण्याची जबाबदारी पाहणाऱ्यांवर टाकली गेली.

मिरज, सांगली, सातारा आणि वाईतल्या जुन्या ख्रिस्ती घरांत नर्सिंगच्या तुकड्यांचे, वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांचे, शाळेतल्या सुतारकामाच्या वर्गाचे फोटो पेट्यांत पडून आहेत. मंडळ्यांकडे बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या आहेत. काहींना वाळवी लागली आहे. फोटोतल्या बाया-माणसांना ओळखणारे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. ज्यांच्या घरी असे फोटो असतील त्यांनी या दिवाळीच्या सुटीत आजी-आजोबांजवळ बसून प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहून घ्यावे, आणि पाळकांनी आपल्या मंडळीच्या वह्यांच्या प्रती काढून सुरक्षित ठेवाव्यात.